जत्रेला गेट नसतं

रमजानच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या घरात दोन हिशेब मांडले जातात. एक जकात आणि फित्र्याचा, तो मी करतो. दुसरा बासी ईदचा, तो बायको करते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, ईदच्या दुसऱ्या दिवसाला आम्ही बासी ईद म्हणतो. पहिला दिवस नमाज, शिरखुर्मा आणि पाहुण्यांत जातो. दुसरा दिवस लेकरांचा असतो. मुंबईत त्या दिवशी राणीच्या बागेत आणि जुहूच्या वाळूत पाय ठेवायला जागा नसते. पुण्यात आमची धाव कात्रजच्या प्राणिसंग्रहालयापर्यंत. वाघ दिसला तर ईद चांगली झाली, असा आमच्या धाकट्याचा हिशेब.

यंदा थोरलीनं, म्हणजे सात वर्षांच्या पोरीनं, वेगळीच मागणी पुढं केली. वर्गातली कुणी मैत्रीण थीम पार्कला जाऊन आली होती. तिथं घर उलटं होतं, रेल्वे आकाशात जात होती, आणि एक माणूस अस्वल बनून हात मिळवत होता. “अब्बू, अपन कब जानेवाले?” हा प्रश्न सहेरीलाही आला आणि इफ्तारीलाही.

बायकोनं डायरी काढली. दोन मोठी तिकिटं. थोरलीचं मुलांचं तिकीट. धाकट्याचं तिकीट वयावर नाही, उंचीवर, म्हणून त्याला दाराच्या चौकटीला टेकवून टेपनं मोजला. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, म्हणजे दुपारचं जेवण तिथंच. सामान ठेवायच्या कपाटाचं भाडं वेगळं. जायला-यायला गाडी. बेरीज साडेआठ हजारांच्या पुढं गेली. बायकोनं डायरी मिटली आणि म्हणाली, “भिशी लागेल तेव्हा बघू.”

भिशी हा शब्द ऐकला आणि मला ब्लॅकपूल आठवलं. वाचायचं व्यसन असलं की असं होतं. घरात तिकिटांची बेरीज चाललेली असते आणि माणूस इंग्लंडच्या किनाऱ्यावर जाऊन पोचतो. पण हा विषय वाटतो तितका हलका नाही. लेकरांना घेऊन चार तास मजा करायची आणि ती खिशाला परवडली पाहिजे, या साध्या गोष्टीमागं दीडशे-दोनशे वर्षांचा झगडा आहे. तो झगडा पैशांचा आहे तसाच गेटचाही आहे.

ब्लॅकपूल हे उत्तर इंग्लंडमधल्या लँकेशायरचं समुद्रकाठचं गाव. १८४६ साली तिथं रेल्वे आली. मँचेस्टर, ओल्डहॅम, बर्नली, ब्लॅकबर्न ही सगळी सुतगिरण्यांची आणि मागांची गावं तिथून काही तासांवर. या गिरणीगावांत ‘वेक्स वीक’ नावाची प्रथा होती. मूळ ही प्रथा चर्चच्या वार्षिक सणाची, म्हणजे आपल्या उरुसाचीच चुलत बहीण म्हणा. औद्योगिक काळात तिचं रूप बदललं. वर्षातून एक आठवडा गावातल्या सगळ्या गिरण्या एकदम बंद. बॉयलर साफ व्हायचे, यंत्रांची दुरुस्ती व्हायची आणि अख्खं गाव गाडीत बसून समुद्रावर जायचं. प्रत्येक गावाचा आठवडा वेगळा, म्हणून ब्लॅकपूलमध्ये आज ओल्डहॅमची माणसं तर पुढच्या आठवड्यात बर्नलीची.

गोष्ट गोड वाटते. पण या आठवड्याचा पगार मिळत नसे. सुट्टी होती, पण ती बिनपगारी. म्हणजे वर्षभर आधीच तयारी करावी लागे. त्यासाठी गिरण्यांत, गल्लीत, चर्चमध्ये बचतीचे क्लब असत. दर आठवड्याला काही पेनी टाकायच्या आणि वेक्सच्या आधी ती रक्कम उचलायची. आमच्या मोहल्ल्यातल्या बायकांना हे समजावून सांगायची गरज नाही. फरक एवढाच की आमच्या भिशीत चिठ्ठी निघते, आणि तिथं सगळ्यांना एकाच वेळी पैसे लागत.

काटकसरही ओळखीची आहे. कुटुंबं खोली भाड्यानं घेत आणि खाणं स्वतःचं आणत. घरमालकीण ते शिजवून द्यायची. बिलात खोलीचं भाडं, आणि कधी कधी मीठ-मिरीच्या दाण्या वापरल्याचे वेगळे पैसे! मीठ-मिरीचं हे बिल इंग्रजांच्या विनोदात अजून जिवंत आहे. १८९४ साली तिथं मनोरा उभा राहिला, त्याचं प्रवेश तिकीट सहा पेनी होतं. १८९६ मध्ये ‘प्लेझर बीच’ची सुरुवात झाली, पाळणे आणि चक्रं आली. पण पगारी सुट्टीचा कायदा यायला १९३८ साल उजाडावं लागलं. तोपर्यंत मजुरानं समुद्र पाहिला तो स्वतःचीच मजुरी कापून.

इथं एक गोष्ट बाजूला ठेवता येत नाही. लँकेशायरच्या मागांवर विणलेलं कापड आपल्या बाजारात आलं, तेव्हा आपले विणकर रस्त्यावर आले. उत्तरेतून मालेगावला आलेले मोमीन-अन्सारी विणकर त्याच शतकातले, १८५७ नंतरच्या काळात त्यांचे तांडे दक्षिणेकडे सरकले. आज मालेगावचे यंत्रमाग शुक्रवारी बंद असतात, आणि तो दिवस जुम्म्याच्या नमाजचा आणि मग सिनेमाचा. ओल्डहॅमच्या मजुराला वर्षातून एक आठवडा मिळाला, मालेगावच्या मजुराला आठवड्यातून एक दुपार. दोघांच्याही लेकरांनी बापाला त्याच मोकळ्या वेळात ओळखलं असणार.

आता अटलांटिक ओलांडू. न्यू यॉर्कच्या दक्षिण टोकाला कोनी आयलंड. १८८४ साली लामार्कस थॉम्पसन नावाच्या माणसानं तिथं उतारावरून घसरणारी रेल्वे बांधली. तिकीट पाच सेंट, म्हणजे तिथल्या भाषेत एक निकल. आजच्या रोलर कोस्टरची ती आजी. १८९७ मध्ये जॉर्ज टिल्यूनं भोवती कुंपण घालून ‘स्टीपलचेस पार्क’ उघडलं. दहा वर्षांनी ते आगीत जळालं, तेव्हा या गृहस्थानं दुसऱ्याच दिवशी पाटी लावली आणि जळके अवशेष बघायचे दहा सेंट घेतले. धंदा म्हणतात तो हा. १९०३ साली आलेल्या लूना पार्कमध्ये अडीच लाख विजेचे दिवे होते असं सांगतात. ज्या भाडेकरू चाळींत रॉकेलचा दिवा जळायचा, तिथली पोरं हे दिवे बघायला येत.

कोनी आयलंड खऱ्या अर्थानं गरिबाचं झालं ते पार्कांमुळं नव्हे, रेल्वेमुळं. १९२० च्या सुमाराला भुयारी रेल्वेची गाडी थेट किनाऱ्याजवळ येऊन थांबू लागली. भाडं पाच सेंट. शहराच्या दुसऱ्या टोकापासून बसा किंवा मधूनच, पाच सेंट. हे भाडं १९४८ पर्यंत वाढलं नाही. १९१६ मध्ये पोलंडहून आलेल्या नेथन हँडवर्कर या ज्यू स्थलांतरितानं सॉसेज-पावाचं दुकान टाकलं. तो आधी ज्याच्याकडे नोकर होता तिथं तोच पदार्थ दहा सेंटला मिळे, यानं पाच सेंटला विकला. पाच सेंटात प्रवास, पाच सेंटात खाणं, पाच सेंटात एक फेरी. समुद्र फुकट.

या व्यवस्थेत एक मोठी सोय आहे, आणि ती आपल्याकडच्या उरुसात-जत्रेत वाढलेल्या माणसाला लगेच कळेल. आत जायला पैसे लागत नाहीत. खिशात पन्नास रुपये असलेला बापही लेकराला घेऊन आत येतो. एक फेरी घेतो, बाकीच्या नुसत्या बघतो. बघण्याचं तिकीट नसतं. लेकरू हट्ट करतं, बाप नाही म्हणतो, पण दोघंही त्याच उजेडात उभे असतात. कोनी आयलंडची कुंपणवाली पार्कं सोडली तर बाकीचा रस्ता असाच होता.

गेट ही काही अमेरिकेची कल्पना नव्हे. लंडनच्या व्हॉक्सहॉल बागेत अठराव्या शतकातच एक शिलिंग घेऊन आत सोडत. कोपनहेगनचं तिवोली १८४३ साली उघडलं तेही गेटसह. गेटचा हेतू पैसा मिळवणं हा तर आहेच. पण कोण आत यावं आणि कोण येऊ नये, ही निवडही गेटच करतं.

वॉल्ट डिस्नेची गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. शनिवारी तो आपल्या दोन मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमधल्या लाकडी घोड्यांच्या चक्रावर न्यायचा. मुली फिरायच्या आणि हा बाकावर बसून शेंगदाणे खायचा. आई-बापांनी नुसतं बसून राहावं हे त्याला पटेना. दोघांनी मिळून मजा करता येईल अशी जागा का नसावी, हा विचार तिथून सुरू झाला असं तो सांगे. तो बाक आता त्याच्या पार्कात जपून ठेवला आहे. कुठल्याही बापाला ही गोष्ट भिडते. कात्रजच्या बाकावर मीही तासन् तास शेंगा खाल्ल्या आहेत. मला पार्क सुचलं नाही, हा भाग वेगळा.

१९५१ साली डिस्ने तिवोली बघून आला. तिथली स्वच्छता, फुलांचे वाफे, कुटुंबांची गर्दी त्याला आवडली. कोनी आयलंडसारखं मात्र त्याला मुळीच काही नको होतं. त्याला तिथला कचरा, गोंगाट, दारू आणि टपोरी पोरं खुपत. त्यानं संशोधन संस्थेकडून जागेचा अभ्यास करून घेतला. अनाहाइमची १६० एकर संत्र्यांची आणि अक्रोडांची बाग निवडली गेली, कारण नवा महामार्ग तिथून जाणार होता. १७ जुलै १९५५ रोजी उद्घाटन झालं. त्या दिवशी नकली तिकिटं छापून लोक घुसले, उन्हात डांबर वितळलं, पाण्याचे नळ कमी पडले. तरी दोन महिन्यांच्या आत दहा लाख माणसं येऊन गेली.

आता हिशेब बघा. प्रवेश मोठ्यांना एक डॉलर, लहानांना ५० सेंट. आई, बाप आणि दोन लेकरं म्हणजे तीन डॉलर. गाडी लावायचे २५ सेंट. आतल्या फेऱ्यांचे पैसे वेगळे. तेव्हा अमेरिकेत कायद्यानं ठरलेलं किमान वेतन तासाला ७५ सेंट होतं. म्हणजे किमान वेतनावरच्या कामगाराला चार तास राबून नुसतं गेट ओलांडता येई. हे फार नव्हे. आजच्या मानानं तर काहीच नव्हे. खरी अट तिकिटावर छापलेलीच नव्हती, ती होती मोटारीची. कोनी आयलंडला पाच सेंटची रेल्वे जात होती. अनाहाइमला जायला महामार्ग होता, आणि महामार्गावर चालायला गाडी लागते. डिस्नेलँडच्या गेटवर कुणाचा रंग विचारला जात नव्हता. पण शहराच्या ज्या वस्त्यांत गाड्या कमी होत्या, त्या वस्त्यांतल्या लेकरांसाठी ते गेट पन्नास किलोमीटर अलीकडेच सुरू होत होतं.

दुसऱ्या अनेक पार्कांत मात्र रंग विचारला जात होता. अगदी उघड विचारला जात होता. थीम पार्कांच्या झगमगीत पुस्तकांत हे पान सापडत नाही, म्हणून इथं जरा थांबतो.

वॉशिंग्टन शहराच्या कडेला, मेरिलँड राज्यात ग्लेन एको नावाचं पार्क होतं. शहरातून ट्राम थेट तिथं जाई. तिथं १९२१ साली बसवलेलं लाकडी घोड्यांचं सुंदर चक्र होतं. ट्राम सगळ्यांसाठी होती, पार्क फक्त गोऱ्यांसाठी. ३० जून १९६० च्या रात्री हॉवर्ड विद्यापीठातले कृष्णवर्णीय विद्यार्थी त्या चक्रावर चढून बसले. गोऱ्या साथीदारांनी काढलेली तिकिटं त्यांच्या हातात होती. पार्कचा पहारेकरी आला, उतरा म्हणाला. ते उतरले नाहीत. पाच जणांना अटक झाली. त्यांतली एक तरुणी, ग्वेंडोलिन ग्रीन, पुढं त्याच मेरिलँडच्या विधिमंडळात सिनेटर झाली.

लाकडी घोड्यावर बसल्याबद्दल अटक! खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६४ साली न्यायालयानं शिक्षा रद्द केली. कारण मोठं मजेशीर आहे. पार्क खासगी, पहारेकरीही खासगी नोकर. पण त्याला शेरीफचा उपअधिकारी म्हणून सरकारी बिल्लाही दिलेला होता. म्हणजे अटक करणारा हात सरकारचा ठरला, आणि सरकारला भेदभाव करता येत नाही. खटला चालू असताना पार्क थांबलं नव्हतं. १९६० च्या अख्ख्या उन्हाळ्यात विद्यार्थी फलक घेऊन दारात उभे राहिले. जवळच्या बॅनॉकबर्न वस्तीतले गोरे, त्यांतले बरेच ज्यू, त्यांच्यासोबत उभे राहिले. समोरच्या बाजूला अमेरिकी नाझी पक्षाचे लोकही फलक घेऊन येत. १९६१ च्या हंगामात गेट सगळ्यांना उघडलं.

बाल्टिमोरचं ग्विन ओक पार्क याहून चिवट निघालं. तिथं दरवर्षी ‘सर्व राष्ट्रांचा दिवस’ साजरा होई. जगभरच्या देशांचे नाच, गाणी, खाणं. आणि शहरातल्या कृष्णवर्णीयांना प्रवेश नाही. या विसंगतीवर बोट ठेवत १९५५ पासून निदर्शनं सुरू झाली. तेच साल, जेव्हा अनाहाइममध्ये फुगे उडत होते. आठ वर्षं फारसं काही हललं नाही. मग ४ जुलै १९६३ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, पाद्री, रब्बी आणि सामान्य नागरिक मिळून शेकडो लोक गेटवर गेले. त्या एका दिवशी २८३ जणांना अटक झाली. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. शेवटी मालक वाटाघाटीला तयार झाले आणि तारीख ठरली २८ ऑगस्ट.

ही तारीख वेगळ्या कारणानं सगळ्यांच्या लक्षात आहे. त्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये लाखो लोकांसमोर मार्टिन ल्यूथर किंग बोलत होते. तिथून साठेक किलोमीटरवर बाल्टिमोरमध्ये शॅरन लँगली नावाची अकरा महिन्यांची मुलगी बापाच्या हाताच्या आधारानं लाकडी घोड्यावर बसली आणि चक्र फिरलं. ग्विन ओकमध्ये पाय ठेवणारं ते पहिलं कृष्णवर्णीय लेकरू. तिला अर्थातच यातलं काही आठवत नाही. १९७२ च्या पुरानंतर ते पार्क बंद झालं. पण ते चक्र १९८१ साली वॉशिंग्टनला नेऊन स्मिथसोनियन संग्रहालयांच्या समोरच्या हिरवळीवर बसवलं गेलं.

किंग यांचं नाव आलंच आहे तर त्यांच्या घरातलीही एक गोष्ट आहे. १९६३ च्या एप्रिलमध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून त्यांनी लिहिलेलं पत्र जगभर वाचलं जातं. न्याय, कायदा, धर्म, इतिहास यांची मोठी चर्चा त्यात आहे. आणि मध्येच सहा वर्षांची मुलगी येते. तिनं टीव्हीवर अटलांटामधल्या ‘फनटाऊन’ची जाहिरात पाहिली आहे आणि आपण तिथं का जाऊ शकत नाही असं ती विचारते. नोबेल मिळवणाऱ्या माणसाची जीभ तिथं अडखळते. ते पत्र मी कॉलेजात असताना वाचलं तेव्हा हा भाग डोळ्याखालून निघून गेला होता. बाप झाल्यावर वाचलं तेव्हा त्याच ओळीवर थांबलो.

१९६४ च्या नागरी हक्क कायद्यानं सार्वजनिक जागांतला भेदभाव बेकायदा ठरवला. मग पळवाटा निघाल्या. आर्कान्सॉमधल्या लिटल रॉकजवळ लेक निक्सन नावाची सहलीची जागा होती. पोहणं, होड्या, गोल्फ, खाण्याचा गाळा. मालकांनी जाहीर केलं की हे पार्क नव्हे, हा खासगी क्लब आहे. सदस्यत्व २५ सेंट. गोरं कुटुंब आलं की दारातच सदस्य. कृष्णवर्णीय आलं की सदस्यसंख्या पूर्ण झालेली. भाड्याचं घर शोधत फिरलेल्या कुणालाही हे उत्तर ओळखीचं वाटेल. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयानं हा क्लब म्हणजे थोतांड आहे असं ठरवलं. निकालातला युक्तिवाद मला फार आवडतो. पायानं चालवायच्या होड्या दुसऱ्या राज्यातून भाड्यानं आणल्या होत्या, आणि गाळ्यावरच्या पावातले काही जिन्नस बाहेरून येत होते. म्हणून हा आंतरराज्य व्यापार, म्हणून केंद्राचा कायदा लागू. पावाच्या तुकड्यानं गेट उघडलं.

इकडे कोनी आयलंडचं काय झालं? मोटारी आल्या, मध्यमवर्ग उपनगरांत गेला, शहरानं किनाऱ्यावर लक्ष देणं सोडलं. १९६५ साली फ्रेड ट्रम्प नावाच्या बिल्डरनं स्टीपलचेसची जागा घेतली. पुढच्या वर्षी पाडकामाआधी त्यानं चक्क पार्टी ठेवली आणि पाहुण्यांना काचेच्या दर्शनी भागावर विटा मारायला लावल्या. त्याला तिथं टोलेजंग इमारती बांधायच्या होत्या, त्या काही झाल्या नाहीत. या बिल्डरचा मुलगा पुढं काय झाला हे सांगायची गरज नाही.

डिस्नेलँडमध्ये मात्र हिशेबाची एक वेगळीच करामत झाली. ऑक्टोबर १९५५ मध्ये तिथं तिकिटांच्या पुस्तिका आल्या. आधी ए, बी, सी असे तीन दर्जे, १९५६ मध्ये डी, १९५९ मध्ये ई. ए म्हणजे स्वस्तातली मजा, लाकडी घोड्यांचं चक्र वगैरे. ई म्हणजे सगळ्यात भारी, उंच डोंगरावरून सुटणारी गाडी. आठ फेऱ्यांची पहिली पुस्तिका मोठ्यांना अडीच डॉलरला होती. घरी जाताना ई संपलेली असे आणि ए उरलेली. अमेरिकेतल्या कित्येक घरांच्या खणांत ती ए तिकिटं वर्षानुवर्षं पडून राहिली. १९८३ साली सॅली राइड ही अंतराळवीर अवकाशात गेली तेव्हा तिनं आपल्या प्रवासाला ई तिकिटाचीच उपमा दिली होती.

लेकरांच्या दृष्टीनं पुस्तिका वाईट नव्हती. तीन वर्षांच्या मुलाला डोंगरावरची गाडी नकोच असते. त्याला घोडा पुरतो. घोड्याचं तिकीट स्वस्त. जेवढं बसाल तेवढं द्या, हे जत्रेचं गणित गेटच्या आत काही काळ तरी टिकून होतं. १९८२ मध्ये पुस्तिका बंद झाल्या आणि एकच तिकीट आलं, १२ डॉलर, हवं तेवढं फिरा. ऐकायला उदार वाटतं. पण लहान लेकरू दुपारी दोनला झोपतं. त्याच्या आईला एका जागी बसून राहावं लागतं. ‘हवं तेवढं’ हे धडधाकट तरुणांसाठी असतं, पैसे मात्र सगळे सारखेच भरतात.

आज तिथलं सर्वात स्वस्त दिवसाचं तिकीट शंभर डॉलरच्या पुढं आणि गर्दीच्या दिवसाचं दोनशेच्या पुढं गेलं आहे. १९८२ मध्ये किमान वेतन ३.३५ डॉलर होतं, म्हणजे एका तिकिटाला साडेतीन तासांची मजुरी. आज केंद्राचं किमान वेतन ७.२५ डॉलर आहे, २००९ पासून तेवढंच. स्वस्तातलं तिकीटही १४ तासांच्या मजुरीचं. कॅलिफोर्नियात राज्याचं वेतन याच्या दुपटीहून जास्त आहे, त्यामुळं तिथल्या मजुराचं गणित निम्म्यानं सुटतं. पण पार्कला येणारे सगळे तिथलेच नसतात. तीन वर्षांखालच्यांना अजून फुकट आहे. म्हणून धाकट्याच्या तिसऱ्या वाढदिवसाआधी सहल उरकून घेण्याची तिथल्या आई-बापांत घाई असते.

आपल्याकडं या सगळ्याचं वारं उशिरा आलं. नेहरू १९६१ च्या नोव्हेंबरमध्ये डिस्नेलँड बघून आले होते. ख्रुश्चेव्हला १९५९ मध्ये सुरक्षेच्या कारणावरून तिथं जाऊ दिलं नव्हतं आणि तो जाहीरपणे चिडला होता. त्या मानानं आपण नशीबवान. पण दिल्लीत ‘अप्पू घर’ उघडायला १९८४ साल लागलं. १९८२ च्या आशियाई स्पर्धांच्या हत्तीच्या पिल्लाचं नाव त्याला दिलेलं होतं. १९८९ साली मुंबईत गोराईला एस्सेलवर्ल्ड आलं, खाडी ओलांडून बोटीनं जायचं. त्याची जाहिरात टीव्हीवर लागायची आणि माझ्या पिढीच्या प्रत्येकाला तिचं गाणं पाठ आहे.

आम्ही ती जाहिरात शेजारच्या देशपांडे काकूंच्या घरी बघायचो. आमचं गाव सोलापूरकडचं. अब्बा शिलाईकाम करायचे. ईदच्या आधी महिनाभर रात्री दोनपर्यंत मशीन चालायची, कारण सगळ्या गावाचे कपडे ईदला हवे असायचे. मी विचारायचो, एस्सेलवर्ल्डला कधी? अब्बा म्हणायचे, “ईद के बाद देखेंगे.” ईद झाली की म्हणायचे, तिकडं पाऊस लागलाय. मला कितीतरी वर्षं वाटायचं, मुंबईत बारा महिने पाऊस असतो. त्यांना तिकिटाचा भाव माहीत होता की नव्हता, हे मी कधी विचारलं नाही. आता विचारता येत नाही.

त्याऐवजी गावच्या दर्ग्याचा उरूस होता. संदल निघायच्या आदल्या दिवशी मैदानात आकाशपाळण्याचे खांब उभे राहायचे. चार पेट्यांचा लहान पाळणा एक माणूस हातानं फिरवायचा आणि त्याच्या दंडावरच्या शिरा आम्ही बघत बसायचो. रेवड्या, गोडी शेव, मौत का कुआँ. सगळ्या जातींची लेकरं, सगळ्यांच्या नाकात तीच धूळ. सुरक्षेचं म्हणाल तर त्या पाळण्याचा एक बोल्ट सुतळीनं बांधलेला मी स्वतः पाहिला आहे, तेव्हा गरिबाच्या मजेचं फार कौतुकही नको. पण गेट नव्हतं. एका रुपयात एक फेरी, आणि बाकी सगळी संध्याकाळ बघण्यात. मुंबईत माहीमला हजरत मखदूम फकीह अली माहिमींच्या उरुसात आजही हेच चालतं. पोलिसांच्या बँडनं पहिली संदल जाते आणि रस्त्याच्या कडेला पाळणे फिरत असतात.

तर आमचा निर्णय असा झाला. बासी ईदला नेहमीप्रमाणे कात्रज. थीम पार्क मे महिन्यात, भिशी लागल्यावर, मधल्या वारी, कारण शनिवार-रविवारी तिकीट महाग आणि रांगा लांब. गाडी नाही, खोपोलीपर्यंत एसटी आणि पुढं रिक्षा. सकाळी घरून पोटभर खाऊन निघायचं, गेटबाहेर डबा संपवायचा आणि मग आत जायचं, म्हणजे आतलं एकच जेवण विकत. धाकटा तोवर टेपच्या खुणेवर गेला नाही तर त्याचं तिकीट वाचेल. बायकोनं हे सगळं नव्यानं मांडलं. बेरीज साडेपाच हजारांपर्यंत खाली आली.

थोरलीला मी पाऊस लागलाय असं सांगितलं नाही. डायरी तिच्यासमोर ठेवली आणि आकडे वाचून दाखवले. तिनं बोटं लावून बघितले. ईदच्या संध्याकाळी ती आतल्या खोलीत गेली, ईदीचा बटवा घेऊन आली आणि गादीवर उपडा केला. मामूच्या शंभराच्या नोटा, खालाच्या पन्नासच्या, दादीची वीसची आणि चिल्लर. मोजून ३४० झाले.

“इतने में कितना कम पडता?” तिनं आईला विचारलं.

बायकोनं डायरी उघडली आणि जमेच्या रकान्यात ३४० लिहिले.